तोंड फिरवलेल्या बॅटऱ्या

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ती शेवटच्या सायकलीत बॅटरी बसवत होती. बॅटरी खाचेत सरकवायची, तळहाताने थाप द्यायची, खटका वाजला की किल्ली फिरवून काढून घ्यायची. बाकीच्या सात इलेक्ट्रिक सायकली शेडबाहेर रांगेत लागल्या होत्या. दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर तिचे वडील बसले होते. त्यांच्या अंगातला स्वेटर उलटा होता. तो सुलटा करायला सवड झाली नव्हती. डावी चप्पल आपली नव्हेच, कोणीतरी बदलून नेली, असा दावा करून त्यांनी घरून निघायलाच उशीर केला होता. उजवीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

ती गाइड आहे. शहर संपतं तिथे लाल खडकांचं वाळवंट सुरू होतं, आणि त्या खडकांमधून ती गिऱ्हाइकांना सायकलवर फिरवून आणते. टोळी थांबली की ती शिट्टी मारते आणि बोटाने डोकी मोजते, म्हणून शेडमधले लोक तिला हवालदार म्हणतात. वय शेहेचाळीस. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. आई गेल्यावर वडील तिच्याकडे आले, आणि वडिलांच्या मागोमाग त्यांचा विसरण्याचा आजार आला. हल्ली ते तिला ताई म्हणतात. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, जी केव्हाच वारली. सुरुवातीला ती चूक दुरुस्त करत असे. आता ती ओ देते.

शेडमध्ये एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. बॅटऱ्या ठेवायच्या फळीवर भरलेली बॅटरी नाव बाहेर करून ठेवायची, रिकामी, म्हणजे तळाला थोडाच चार्ज उरलेली, भिंतीकडे तोंड करून. चार्जर कमी आणि बॅटऱ्या जास्त, त्यामुळे संध्याकाळच्या टूरहून आलेल्या काही बॅटऱ्या रात्रभर तशाच रिकाम्या पडतात. गाइडने फळीकडे एकदा बघितलं की कुठली उचलायची ते कळतं. तरी प्रत्येक बॅटरीवरचं बटण दाबून दिवे बघावेत, अशी सक्त ताकीद आहे. ती रोज बघते. त्या दिवशी फळीवरच्या सगळ्याच बॅटऱ्यांची तोंडं बाहेर होती. मेकॅनिकने उशिरापर्यंत थांबून सगळ्या भरल्या असाव्यात असं तिला वाटलं, आणि मनातल्या मनात तिने त्याचे आभार मानले. मग चपलेत गेलेला वेळ भरून काढायला ती बटणं न दाबता बॅटऱ्या बसवत सुटली.

सायकलच्या पडद्यावरही चार्ज दिसतो, पण तिथे मालकीणबाईंनी काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. गिऱ्हाईक निसर्ग बघायचा सोडून त्या रेघा बघत बसतं आणि एक रेघ कमी झाली की घाबरून चढावर मध्येच उतरतं, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे चार्ज ठाऊक असतो फक्त गाइडला. निदान असायला हवा.

सहा गिऱ्हाइकं होती. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या काकू, दोन बहिणी, आणि एक नवं जोडपं, जे एकमेकांशिवाय कोणाकडे बघत नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे सांगितलं की पाय हलवाल तर सायकल जोर लावेल, पाय थांबले की तीही थांबेल. टोळीच्या मागे राहणारा जो दुसरा गाइड, त्याला सगळे शेपूट म्हणतात आणि तो स्वतःही तशीच ओळख करून देतो. माझ्या मागे कोणी दिसलं तर ते भूत समजा, असं तो म्हणाला. काकांनी काकूंकडे बघून सांगितलं की हिला चढावरसुद्धा ब्रेक लागतो. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, हात ब्रेकवरच असतो."

निघताना तिने वडिलांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मेकॅनिककडे बघितलं. त्याने मान हलवली. हे रोजचं होतं. ती टूरवर असताना वडील त्या स्टुलावर बसतात. गेल्या महिन्यात ते उठून सायकलींच्या चाकोरीने वाळवंटात चालत गेले होते. सगळी शेड शोधायला धावली, सकाळची टूर रद्द झाली. त्या दिवशी मालकीणबाई ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "अजून एकदा काही झालं, तर मला बोलायला लावू नकोस. तूच समजून घे." तेव्हापासून ती समजूनच वागते आहे. दुसरी सोय तिच्याकडे नाही. शेजारच्या वहिनींकडे ठेवून बघितलं, तर वडिलांनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या काढून नव्याने लावल्या, आणि वहिनींनी हात जोडले. वृद्धाश्रमात चालत निघून जाणाऱ्यांना घेत नाहीत. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवर बघू म्हणतो. बघू हा त्याचा आवडता शब्द आहे, लहानपणापासून.

पहिले दोन तास चांगले गेले. तांबडं फुटलं तशी खडकांची वरची कड आधी पेटली, मग रंग खाली उतरत आला. भिंतींसारखे उभे खडक, मधून वाळूची वाट, कुठे कुठे वाऱ्याने भोकं पाडलेले दगड. एका खडकाला गाइड लोक आजीचे दात म्हणतात. त्यातले किती पडलेत ते मोजायला लावलं की गिऱ्हाईक हसतं. त्या दिवशीही हसलं. मग हत्तीची पाठ आली. हा गुळगुळीत, गोल चढ आहे. तो चढून पलीकडे उतरलं की दगडाची नैसर्गिक कमान, आणि कमानीखाली चहाचा थांबा. टोळी तिथे नऊला पोचते, उन्हाळा असो की हिवाळा.

चढाच्या मधोमध काकांची सायकल बसली. काका पायाने जोर लावत होते, पण सायकल दगडासारखी जड झाली होती. इतक्यात ही म्हातारी झाली का, असं ते हसत म्हणाले. तिला वाटलं, वायर ढिली झाली असेल. तिने आणि शेपटाने मिळून सायकल वर ढकलली. माथ्यावर पोचेपर्यंत धाकट्या बहिणीची सायकल थांबली.

कमानीखाली चहा ओतायचं काम शेपटाला देऊन ती सायकलींपाशी गेली आणि सकाळी जे करायला हवं होतं ते तिने केलं. एकेका बॅटरीचं बटण दाबलं. चार बॅटऱ्यांवर दिवे नीट लागले. काकांच्या आणि धाकट्या बहिणीच्या बॅटरीवर एकही लागला नाही. काकूंच्या आणि तिच्या स्वतःच्या बॅटरीवर एकच लाल ठिपका लुकलुकला आणि विझला.

तिने मेकॅनिकला मनात एक शिवी दिली, आणि ती शिवी संपायच्या आत तिला खरं काय ते दिसलं.

आदल्या संध्याकाळी ती सायकली धूत होती. वडील फळीपाशी उभे होते. त्यांचे हात चालू होते, चेहरा शांत होता, आणि ते बऱ्याच दिवसांनी काहीतरी गुणगुणत होते. तिला बरं वाटलं होतं. म्हणून तिने हाक मारली नव्हती.

वडिलांचं वाणसामानाचं दुकान होतं. तिचं बालपण त्या दुकानात गेलं. डबा, पुडा, बाटली, जे काही फळीवर असेल त्याचं नाव गिऱ्हाइकाकडे पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. एखाद्या डब्याचं तोंड भिंतीकडे वळलेलं दिसलं की ते तिला म्हणत, "कोण रुसलंय बघ." ती स्टुलावर चढून त्या डब्याला सरळ करायची. दोघांचा हा खेळच होता. दुकान गेलं, डबे गेले, मुलीचं नावही गेलं. हात मात्र काही विसरले नव्हते. शेडमधल्या फळीवर रुसून बसलेल्या बॅटऱ्या त्यांनी एकेक करून समजूत काढल्यासारख्या वळवल्या होत्या.

कमानीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात फोन लागतो. ती तिथे जाऊन उभी राहिली. रेंजच्या तीन रेघा दिसत होत्या. शेडला फोन केला असता तर कोरड्या ओढ्याच्या वाटेने शेडची पिकअप गाडी अर्ध्या-पाऊण तासात कमानीपाशी आली असती. मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला असता, की चार रिकाम्या बॅटऱ्या सायकलींत गेल्या कशा. आणि मग उद्या सकाळी वडिलांना कुठे ठेवायचं? नोकरी सोडली तर घर चालणार नाही. नोकरी ठेवली तर वडील कुठे राहणार. ती कात्रीत सापडल्यासारखी तिथे उभी होती. फोन तिने खिशात ठेवला.

परत आल्यावर तिने टोळीला सांगितलं की दोन-तीन बॅटऱ्या दगा देत आहेत, चिंता नको, ओढ्यातून सपाट वाटेने हळूहळू जाऊ. मोठ्या बहिणीने विचारलं की गाडी नाही का बोलावता येणार.

"इथे रेंज नसते," ती म्हणाली.

शेपटाने मान वर केली. मागच्याच आठवड्यात त्याने याच कोपऱ्यातून बायकोशी भांडण केलं होतं, तेही हिच्यासमोर. आपल्या सायकलीतली भरलेली बॅटरी त्याने काढली, काकूंच्या सायकलीत बसवली, आणि मग तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाला, "हवालदार, ऊन चढतंय."

"माहितेय मला."

"तुमच्या बाबांनी केलं ना हे? काल संध्याकाळी फळीपाशी होते ते. मी सांगतो माझ्याकडून झालं म्हणून. लावा फोन."

तिने फोन लावला नाही. शेपटाला आधीच दोनदा समज मिळालेली होती. त्याच्या घरी तान्हं मूल होतं.

धाकट्या बहिणीची सायकल नव्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या सायकलीला पट्ट्याने बांधली. बायकोकडे बघणं सोडून पहिल्यांदाच त्याला मागे बघावं लागलं. काकांना तिने आपल्यामागून ओढत न्यायचं ठरवलं, पण तिची स्वतःची बॅटरी रिकामी, आणि बॅटरीवाचून ती सायकल म्हणजे लोखंडाचं ओझं. शंभर पावलांत तिची सायकल वाळूत रुतून थांबली. काका उतरले. एका बाईने आपल्याला ओढावं हे त्यांना पसंत नव्हतं. ते सायकल ढकलत चालू लागले. काकांच्या हृदयाचं वर्षभरापूर्वी ऑपरेशन झालं होतं, हे काकूंनी तेव्हा सांगितलं. सांगून त्याही उतरल्या. भरलेल्या बॅटरीची सायकल हाताशी असताना त्या नवऱ्याशेजारून वाळूत चालायला लागल्या. गाइडने विनवलं, काकांनी रागावून बघितलं. काकू म्हणाल्या, "हे पडले तर मी पुढे जाऊन काय करू?"

कोरडा ओढा दोन्ही बाजूंनी खडकांनी बंद आहे. सकाळी तिथे सावली असते, दहानंतर नसते. वाळू तापली की उष्णता वरून नाही, खालून येते. पाणी सगळ्यांकडे होतं, पण मोजकं. ती दर वळणावर शिट्टी न मारता थांबत होती आणि मनात हिशेब मांडत होती, की हे वळण, मग ते मोठं वळण, मग सपाट रस्ता, मग शेड. बारापर्यंत पोचलो तर उशीर झाला इतकंच म्हणता येईल. टूरला उशीर होतो कधीकधी. उशिरासाठी कोणी कोणाच्या वडिलांना बाहेर काढत नाही. काकांकडे ती पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. त्यांचा चेहरा लाल होता, पण पाऊल नीट पडत होतं. धोका तिथेच आहे असं तिने धरलं होतं, म्हणून काकूंकडे तिचं लक्ष नव्हतं.

काकू आधी बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी उलटी केली. मग वाळूत बसल्या आणि काकांनी दोनदा हाक मारली तरी कोणाला मारली ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या कातडीला घाम नव्हता.

गाइडने त्यांना खडकाच्या हातभर सावलीत ओढलं, बुटांचे बंद सोडले, उरलेलं पाणी मानेवर आणि काखेत ओतलं. हे सगळं तिला येतं. मोठ्या बहिणीने कोणाला न विचारता फोन बाहेर काढला, हात उंच केला, आणि आश्चर्याने म्हणाली, "लागतोय की. इथेसुद्धा लागतोय."

गाइडने तिच्या हातातून फोन घेतला आणि पाठ असलेला नंबर लावला. "मॅडम, पिकअप पाठवा. ओढ्यात, मोठ्या वळणाच्या अलीकडे. बर्फ घेऊन या." पलीकडून काय झालं असं विचारलं गेलं. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

पिकअप आली. मालकीणबाई स्वतः चालवत होत्या. काकूंना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, आणि दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी डोळे नीट उघडून आपले बूट कुठे आहेत असं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की अजून थोडा वेळ उन्हात गेला असता तर अवघड होतं. गाइड तोवर दारातल्या बाकड्यावर बसून होती. काका बाहेर आले. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते तिच्याशेजारी बसले आणि बँकेच्या खिडकीतून विचारावं तसं शांतपणे त्यांनी विचारलं.

"रेंज होती ना?"

"होती."

"मग?"

"घरी वडील आहेत," ती म्हणाली. काकांना त्याचा अर्थ लागला नाही. ते उठून आत गेले.

शेडमध्ये ती परतली तेव्हा मालकीणबाई फळीसमोर उभ्या होत्या. शेपूट आणि मेकॅनिक बाजूला, दोघांच्याही माना खाली. तिने सांगितलं की सकाळी उशीर झाला, बटणं दाबली नाहीत, बॅटऱ्या न बघता बसवल्या. त्यात खोटं काही नव्हतं. मालकीणबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर फळीवर होती. उरलेल्या बॅटऱ्या एका रेषेत, नावं बाहेर, दोन बॅटऱ्यांमधलं अंतर बोटभर, जराही कमीजास्त नाही. इतकी नीटनेटकी ती फळी शेड बांधल्यापासून कधी दिसली नव्हती.

स्टुलावरून वडील उठून आले. नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी मालकीणबाईंकडे बघितलं आणि फळीकडे हात केला. "आता कोणी रुसलेलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दिवसभराचं काम संपवलेल्या माणसाचं समाधान होतं.

मालकीणबाईंनी गाइडला बाहेर बोलावलं. त्या वाईट नाहीत. त्यांनी तिला शेपटापेक्षा जास्त टूर दिल्या आहेत, रजा दिली आहे, स्टूल दिलं आहे. रेंजचं त्यांना मोठ्या बहिणीकडून कळलं होतं. त्याबद्दल त्या म्हणाल्या की पुन्हा असं झालं तर त्या स्वतः पोलिसांत जातील, आणि हे त्या फक्त एकदा सांगतील. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला मी काढत नाही. उद्याची सकाळची टूर तुझीच आहे. पण ते उद्यापासून इथे नकोत."

"मग मी त्यांना कुठे ठेवू, मॅडम?"

मालकीणबाई आत गेल्या आणि फळीवरच्या बॅटऱ्यांची बटणं एकेक करून दाबू लागल्या.

घरी जाताना तिने भावाला फोन केला. बघू, तो म्हणाला. या वेळी तिने फोन आधी ठेवला. वडिलांचा हात धरून ती वळणावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिने कुलूप मागितलं. दुकानदाराने विचारलं की कशासाठी, कपाटाला की दाराला.

"दाराला. बाहेरून लावायचंय."

दुकानदार आत शोधायला गेला. तिचा हात सोडून वडील फळीपाशी पोचले होते. खिळ्यांचे खोके, रंगाचे डबे, बिजागऱ्यांच्या पेट्या, कशाचं तोंड कुठे तर कशाचं कुठे. "सगळेच रुसलेत इथे," ते म्हणाले आणि कामाला लागले. दुकानदार कुलूप घेऊन आला तोवर एक अख्खी फळी झाली होती. तो बघतच राहिला आणि हसला. आजोबा, उद्यापासून या की कामाला, असं तो म्हणाला.

"खरंच येऊ देता?" तिने विचारलं.

तो थट्टा करत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. त्याने काउंटरवरची धूळ उगाच पुसली. वडील दुसऱ्या फळीवर पोचले होते आणि गुणगुणत होते.

"बसू देतो," दुकानदार शेवटी म्हणाला. "दुपारपर्यंत. पण मी एकटा असतो, त्यांना आणायला नाही जमायचं. दुकान नऊला उघडतं. नऊला तुम्ही आणून सोडा."

तिने मान हलवली, दोन्ही किल्ल्या लागतात का ते तिथेच फिरवून बघितलं आणि कुलूप पिशवीत टाकलं. मग वडिलांना हाक मारली. ते आले नाहीत, म्हणून ती फळी पुरी होईपर्यंत उभी राहिली.

उद्याची टूर सहाला सुटते. नऊ वाजता दुकान उघडेल तेव्हा ती कमानीखाली गिऱ्हाइकांना चहा ओतत असेल.